शेवंतीवरची अमरवेल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात आणि कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे. मी बरोबर असते तेव्हा तो आणखी लवकर येतो, आणि मी बहुतेक वेळा बरोबर असते. हे आढ्यतेनं सांगत नाही. वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, एवढं तरी माणसाला कळतंच. मला मशरूम येत नाही, शेवाळ बेताचं येतं, पण अमरवेल येते. सोलापूर जिल्ह्यातल्या लसूणघासाच्या रानांतून ती कुठं आहे, कधी फुलते, कुठल्या बांधावरून कुठल्या बांधावर गेली, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

अमरवेल तुम्हीही पाहिली असेल. कुंपणावर, बोरीवर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता पडलेला दिसतो ना, तीच. पान नाही, मूळ नाही. बी रुजतं तेव्हा नावापुरतं मूळ असतं, पण चार-सहा दिवसांत कुणाचा आधार सापडला नाही तर कोंब मरतो. सापडला तर वेल विळखा घालते, विळख्यातून बारीक शोषकं त्या झाडाच्या अंगात घुसवते आणि त्याच्या नळ्यांना आपल्या नळ्या जोडून टाकते. मग जमिनीतल्या मुळाची गरजच उरत नाही, ते सुकून जातं. एवढं शाळेच्या पुस्तकातही आहे. तिथं तिला चोर म्हणून धडा संपवतात.

धडा खरं तर तिथं संपत नाही. नळ्या जोडल्या की नुसतं पाणी आणि साखर जात नाही. झाडाच्या पेशी एकमेकींना सारखे निरोप पाठवत असतात, अमुक प्रथिन बनवा, तमुक थांबवा. हे निरोप जनुकांच्या भाषेत लिहिलेले असतात, आणि त्या जोडावरून ते इकडून तिकडे जातात. दोन्ही बाजूंनी जातात, हे महत्त्वाचं. वेलीचे निरोप यजमान झाडात शिरून त्याचा बंदोबस्त ढिला करतात, झाडाचे निरोप वेलीत फिरतात. बहुतेक निरोप थोड्या वेळात विरून जातात. पण लाखो वर्षांत कधीतरी असं होतं, की यजमानाचं एखादं जनुकच वेलीच्या घरात येऊन राहतं. मग ते बियांतून पुढच्या पिढीत जातं, तिच्या पुढच्या पिढीत जातं, आणि वेलीचंच होऊन बसतं. परदेशातल्या संशोधकांनी हे अमरवेलीच्या काही जातींत दाखवलेलं आहे. मला ते आमच्याकडच्या, लसूणघासावर पोसलेल्या वेलीत बघायचं होतं. त्यावर माझ्या पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण उभं होतं.

मी शोधत होते ते जनुक कडधान्यांच्या कुळातलं. कीड खायला आली तर तिचं पोट बिघडवणारं एक प्रथिन त्यातून तयार होतं. घास त्याच कुळातला. मी वेलीचा डीएनए काढला, त्या जनुकाचा तुकडा यंत्रात वाढवला, आणि डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर बरोब्बर जागी पट्टी उमटली. त्या दिवशी मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना भजी खाऊ घातली आणि जेलचा फोटो घेऊन सरांकडे गेले.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. घरी उर्दू, वर्गात आमच्यापेक्षा शुद्ध मराठी, आणि रागावणं ठाऊक नाही. राग न येणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, ही त्यांच्याबद्दलची माझी जुनी तक्रार आहे. त्यांनी फोटो बघितला, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला.

"मॅडम," ते म्हणाले, "दूध पिऊन आलेल्या मांजराच्या मिशीला दूध लागलेलं असतं. तेवढ्यावरून मांजर दूध देतं असं लिहायचं का?"

मला जे कळायचं ते लगेच कळलं, म्हणूनच राग आला. वेल घासावर वाढलेली. तिच्या शोषकांत घासाच्या पेशी अडकलेल्या असणार, नळ्यांतून घासाचं काहीबाही आलेलं असणार. पट्टी वेलीच्या स्वतःच्या जनुकाची की पिऊन आलेल्या घासाची, हे त्या फोटोवरून कुणालाच सांगता आलं नसतं. मला आतून खात्री होती की ते वेलीचंच आहे. पण परीक्षक काही माझ्या खात्रीवर सही करणार नव्हता.

इलाज एकच होता. जन्मात घासाला शिवली नाही अशी अमरवेल वाढवायची. बियांपासून, भलत्याच कुळातल्या झाडावर. तिच्यातही ते जनुक सापडलं तर प्रश्न मिटला. माझ्या नोंदणीची मुदत ऑगस्टअखेर संपत होती. दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. हे प्रकरण गळालं तर उरला असता तो प्रबंध म्हणजे कुठल्या गावात किती अमरवेल, एवढी यादी. तसली यादी घेऊन मी परीक्षेला बसणार नव्हते, आणि मुदत गेली की सात वर्षं पाण्यात जाणार होती.

एप्रिलच्या सुरुवातीला माढ्याकडच्या एका शेतकऱ्यानं निरोप दिला. गुरांसाठी लावलेल्या घासाचा एक वाफा त्यानं बियांसाठी राखला होता आणि त्यात अमरवेल माजली होती. मी गेले तेव्हा तो काडेपेटी खिशात घेऊनच उभा होता.

"बाई, लोकं ही काढाया गडी लावत्यात," तो म्हणाला. "तुमी न्यायला आलाव व्हय?"

"बी पाहिजे मला. पिकलेलं."

"समदं न्या की. ऱ्हायलेलं उद्या पेटवणार हाय मी."

त्यानं पेटवलंही, आणि शहाणपणाचंच केलं. अमरवेल नुसती उपटून चालत नाही, तिचा बोटभर तुकडा पुन्हा विळखा घालतो. कापून जाळणं एवढंच खरं औषध. माझ्यापाशी एक कापडी पिशवीभर माल होता, मळून झाडून वाटीभर बी निघालं. अर्धं घासाचं, अर्धं अमरवेलीचं. दोन्ही मोहरीहून बारीक, एकाच मापाचं, चाळणीनं वेगळं होत नाही. घासाचं बी पिवळट, थोडं वाकलेलं. वेलीचं गोल, मातकट, खरबरीत. भिंगाखाली चिमट्यानं एकेक निवडायचं, असा माझा बेत होता. प्रयोगशाळेत पंख्याचा वारा. पंखा बंद करावा तर एप्रिलमधलं सोलापूर. म्हणून मी ते बी घरी आणलं, परातीत पसरलं, परात जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि परीक्षेच्या ड्यूटीला निघून गेले.

आता अव्वांबद्दल सांगायला हवं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. पंचाहत्तरी ओलांडलेली, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी. पन्नास वर्षं सोलापुरात मराठी बोलूनही काही नको असलं की त्या कानडीतच नको म्हणतात, 'बेड'. एकदा 'बेड' म्हणाल्या की विषय संपला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि तेव्हापासून त्यांना माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. आमच्या घरात अव्वांना कुणी 'एवढं निवडून द्या' असं म्हणत नाही. धान्य परातीत पसरून ठेवलं की तेच सांगणं असतं. त्या पाट ओढतात, परात मांडीवर घेतात, बोटं चालू होतात. ज्वारी, तांदूळ, तूर, धने, काहीही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या दाताखाली खडा आलेला नव्हता. हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी परात तिथं ठेवून गेले. चूक त्या क्षणी झाली आणि ती माझी होती. फक्त त्या दिवशी मला ती दिसली नाही.

साडेपाचला घरी आले तर परात घासून पालथी घातलेली. अव्वा स्टीलचा छोटा डबा घेऊन दारातच आल्या. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान.

"कसलं बी आणलंस कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "निम्मी घाण हुती. दिसभर बसले. आता बघ."

डब्यात पिवळंधमक, एकसारखं, देखणं घासाचं बी होतं. त्यात अमरवेलीचा एक दाणा नव्हता.

"आणि घाण?" मी विचारलं.

"टाकली की. माग, शेवंतीत."

त्यानंतर मी जे बोलले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी त्यांना पहिल्यांदा अगं-तुगं केलं. तुला कुणी सांगितलं होतं, म्हटलं. तुझा हात लागला की कामाचं वाटोळंच होतं, म्हटलं. यापुढं या घरात माझ्या कशालाही हात लावायचा नाही, बघायचं आणि गप बसायचं, असंही म्हटलं. अव्वा डबा धरून उभ्या होत्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला, झाकण नीट लावलं, आणि आपल्या खोलीत जाऊन बसल्या.

मागचं अंगण म्हणजे दहा पावलं जागा. नळ, धुण्याचा दगड, आणि भिंतीलगत अव्वांचा शेवंतीचा वाफा. मी भिंग घेऊन गुडघ्यांवर बसले. मातकट बी काळ्या मातीत शोधणं म्हणजे काय, ते शोधल्याशिवाय कळायचं नाही. उजेड जाईपर्यंत सात दाणे मिळाले, त्यातले चार वाळूचे निघाले. उरलेले तीन मी ओल्या कापसावर ठेवले आणि तिन्ही कुजले. अमरवेलीच्या बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरू देत नाही, आपण होऊन लगेच रुजणारे दाणे थोडेच. मातीत ते वर्षानुवर्षं निवांत पडून राहतात. वर्षानुवर्षं थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी त्या अंगणाचं दार लावलं ते मी स्वतः पुन्हा उघडलंच नाही. बघवत नव्हतं.

सर म्हणाले, "काढून टाका ते प्रकरण. बाकीचं सादर करा."

"नाही काढणार," मी म्हणाले.

"मग काय करणार?"

मी हटले नाही. मी बरोबर होते. बरोबर असून हातात पुरावा नसणं यासारखं दुखणं नाही. तालुक्यातालुक्याला फोन लावले. उन्हाळ्यात बहुतेकांनी घास मोडलेला, अमरवेल होती त्यांनी जाळलेली. वेलीचे ताजे तुकडे आणून कुंडीतल्या झाडावर वाढवावेत, तर ते घासाचं पाणी प्यायलेलेच असायचे. सर पुन्हा मांजराची मिशी दाखवणार.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. अव्वांनी हात लावणं बंद केलं. माझ्याच वस्तूंना नव्हे, सगळ्यालाच. तांदूळ मी निवडू लागले, म्हणजे निवडते असं मला वाटायचं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या दाढेखाली खडा आला. त्यानं आवाज न करता तो ताटाच्या कडेला काढून ठेवला. तो नव्या पेठेत कापडाच्या दुकानात बसतो, दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेतो, घरी आल्यावर कुणाची बाजू घेत नाही. अव्वा जेवायला हाक मारली की येत, वाढलेलं जेवत, उठून जात. पूर्वी दिवसभर त्यांचं काहीबाही बोलणं चालायचं, त्याचा मला वैताग यायचा. आता घर इतकं शांत झालं की मला माझंच पाऊल ऐकू यायचं. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण आधी माझं नुकसान, मग तुमचा रुसवा, असा माझा हिशोब होता. बोलायला मी जाणार नव्हते. आणि मी गेले नाही.

मे गेला, जून गेला. कॉलेजात प्रवेशांची धांदल, त्यात मी स्वतःला बुडवून घेतलं. जुलैच्या मध्यावर एका सकाळी मी चहा पीत होते. अव्वा समोर येऊन बसल्या. आपण होऊन त्या कितीतरी दिवसांनी बोलल्या.

"शेवंती मरतीय. दसऱ्याला फुलं इकत आणावी लागतील. आधीच सांगून ठेवते."

"का मरतेय?"

"तुझी घाण उगवलीय तिच्यावर."

कप तसाच ठेवून मी मागचं दार उघडलं. सगळा वाफा पिवळा झाला होता. एका झुडपावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, दोऱ्यांची नुसती जाळी. मधूनमधून पांढुरक्या बारीक कळ्यांचे झुबके. खाली शेवंतीची पानं कोमेजून लोंबत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं, खोटं कशाला सांगू. शेवंतीचं मला काही वाटलं नाही. जन्मात घासाला न शिवलेली अमरवेल, भलत्याच कुळातल्या झाडावर, माझ्याच घरामागं. मी स्वतः आखला असता तर याहून चांगला प्रयोग मला आखता आला नसता.

अव्वा दारात उभ्या होत्या.

"कधीपासून आहे ही?" मी विचारलं.

"चाळीस दिवस झालं असतील. एकच दोरा हुता तवा. नखानं तुटला असता."

"मग तोडला का नाही? तुमची शेवंती होती ना?"

"हात लावू नको म्हणालीस की."

एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यात टोमणा नव्हता, निदान मला ऐकू आला नाही. मी विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी उत्तर दिलं होतं, इतकंच. दुपारी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, पिवळं काहीतरी त्यानंही पाहिलं होतं. त्याला वाटलं, दुकानातून आणलेल्या गठ्ठ्याची दोरी उडून पडली असेल. आणि घरात जी एकुलती एक वनस्पतिशास्त्राची बाई होती, तिनं दार लावून घेतलं होतं.

सर दुसऱ्याच दिवशी आले. वाफ्यापाशी उकिडवे बसून अर्धा तास त्यांनी माती चाळली, वेल कुठं कुठं टेकली आहे ते बघितलं. घासाचं किंवा कुठल्या कडधान्याचं एखादं रोप त्यात रुजलं असेल तर सगळंच मुसळ केरात. रोप नव्हतं. तरी त्यांची शंका फिटेना. ते अव्वांकडे वळले.

"आजी, टाकताना त्यात एखादा चांगला दाणा गेला असेल का? नजरचुकीनं?"

अव्वांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मीच दचकले.

"चांगला दाणा टाकाया मी आंधळी हाय व्हय?"

"तसं नव्हे आजी."

"तसंच की. डबा हाय घरात. त्यातली घाण काढून दाखवा, मग बोला."

सरांनी खरंच डबा मागितला. भिंगाखाली अख्खा डबा तासभर बघितला. मग झाकण लावून दोन्ही हातांनी तो अव्वांना परत दिला आणि मला म्हणाले, "कामाला लागा."

वेलीचे तुकडे मी पाच जागांहून घेतले, विळख्यापासून लांबचे, कळ्यांजवळचे. शेवंतीची पानं वेगळी घेतली. पुढचे चार दिवस मी प्रयोगशाळेत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. जेलवर एका रांगेत घासाचा डीएनए, एका रांगेत शेवंतीचा, आणि पाच रांगांत वेलीचा. दिवा लावला. घासाच्या रांगेत पट्टी होती, ती असणारच. शेवंतीची रांग कोरी होती. वेलीच्या पाचही रांगांत पट्टी होती, ठसठशीत, एका ओळीत. मी स्टुलावर बसले. फोटो शेजारच्या बाईंना काढायला सांगितला.

एवढ्यानंही मी सरांकडे गेले नाही. एकदा मांजर ऐकून घेतलं होतं. वेलीतला तुकडा मी पुण्याला पाठवला, त्यातली अक्षरं वाचून आणवली आणि घासातल्या अक्षरांशेजारी मांडली. दोन्ही एकाच घराण्यातली, पण वेलीतल्या जनुकात जागोजागी अक्षरं बदललेली होती. आजच्या घासाशी ती जुळत नव्हती. कालपरवा पिऊन आलेलं असतं तर जसंच्या तसं असतं. हे फार पूर्वी आलेलं होतं, इतकं पूर्वी की वेलीच्या घरात राहून त्यानं आपला चेहरा बदलला होता. बी पेरलं की ते बरोबर जाणार होतं, घास असो वा नसो.

सरांनी कागद खाली ठेवले. "मांजर दूध देतं, मॅडम," ते म्हणाले. सात वर्षांत मी त्यांना एवढं मोठ्यानं हसताना पहिल्यांदा ऐकलं.

प्रकरण मी बारा दिवसांत लिहिलं. पद्धतीच्या भागात सर म्हणाले, बी वाफ्यात टाकलं, एवढं पुरे आहे. मी म्हटलं, पुरे नाही. मुलांच्या जर्नलमध्ये असली लपवाछपवी दिसली की मी लाल शाई मारते, मग माझ्या प्रबंधात ती कशी चालेल. मी सगळं लिहिलं. बियांची निवड धान्य निवडण्याचा दीर्घ अनुभव असलेल्या घरातल्या व्यक्तीनं हातानं केली. वेगळं झालेलं अमरवेलीचं बी चुकून शेवंतीच्या वाफ्यात टाकलं गेलं. वेल उगवल्यापासून चाळीस दिवस तिला कुणीही हात लावला नाही. सही केली, ऑगस्ट संपायला चार दिवस असताना प्रबंध सादर केला. पुढं तो मंजूरही झाला. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला आणि एकाही प्रश्नाला मी अडखळले नाही.

पण मला सांगायचं आहे ते सादर केल्याच्या दुसऱ्या दिवसाचं. रविवार होता. शेवंतीचा वाफा तसा ठेवून चालणार नव्हतं, वेलीला बी धरलं होतं, शेजारच्यांच्या कुंड्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नसता. सकाळी मी सगळा वाफा विळ्यानं कापला, बुडासकट उपटला आणि धुण्याच्या दगडाजवळ जाळला. ओल्या शेवंतीचा कडवट धूर घरभर झाला. अव्वा पायरीवर बसून बघत होत्या. सगळी राख होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.

मग हात धुऊन मी प्रबंधाची घरची प्रत आणली. काळं जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. म्हटलं, यांनाही दाखवावं. खरं म्हणजे मला कौतुक हवं होतं. अव्वांनी पुस्तक मांडीवर घेतलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"माझं हाय म्हणं ह्यात. तुझे सर फोनवर म्हणाले. काय लिवलंस?"

मी पान काढलं आणि इंग्रजीचं मराठी करत वाचून दाखवलं. धान्य निवडण्याचा दीर्घ अनुभव असलेली व्यक्ती, हे ऐकून त्या थोड्या हसल्या. मी पुढं वाचलं, चाळीस दिवस तिला कुणीही हात लावला नाही.

"का लावला न्हाय, ते लिवलंस?"

प्रबंधात तसलं लिहीत नाहीत, हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते बरोबरच होतं. कुठल्याही परीक्षकानं, कुठल्याही सरांनी माझी बाजू घेतली असती. चाळीस दिवस रोज सकाळी दार उघडून आपली शेवंती मरताना बघायची, एका नखानं ती वाचली असती हे ठाऊक असायचं, आणि सुनेनं सांगितलंय म्हणून हात मागं घ्यायचा. मी त्याला निरीक्षण म्हणून लिहिलं होतं आणि त्यावर पदवी मिळवणार होते. एप्रिलपासून या बाईशी मी एक सरळ शब्द बोलले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायला पुस्तक हातात यावं लागलं याची आणखी वाटली.

"नाही लिहिलं," मी म्हणाले. "अव्वा, माझं चुकलं. परात मीच ठेवून गेले होते. तुम्ही नेहमी करता तेच केलंत. आणि मी तुम्हाला जे बोलले ते फार वाईट बोलले."

अव्वांनी पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं हुतं, फोटोला हार घालताना सांगशील."